मिनिटाला सहाशे शब्द

सालेहाला दुसऱ्या मजल्यावर नेऊन बसवण्याचे काम माझ्याकडे आले, कारण तिच्या मामाला तसा शब्द मी दिला होता.

तिचा मामा खाजा नांदेडला पुस्तके बांधतो. वीस वर्षे माझ्या ग्रंथांना पुठ्ठे त्यानेच घातले. कोणत्या पुस्तकाला कोणते कापड शोभेल यावर आम्ही तासन्‌तास वाद घातले आहेत. त्याची बहीण औसा तालुक्यात दिलेली होती. नवरा आधीच वारला होता. सप्टेंबरच्या तिसाव्या तारखेला पहाटेच्या भूकंपात त्यांच्या घराचे माळवद खाली आले आणि मातीच्या ढिगाखाली सालेहाची आई आणि धाकटा भाऊ गेले. सालेहा तुळईच्या आडोशाला अडकून वाचली. तिला दुपारी बाहेर काढले. दिवस उजाडेपर्यंत आईचा आवाज येत होता, एवढेच तिने मामाला सांगितले. पुढचे तिने सांगितले नाही आणि त्याने विचारले नाही.

नोव्हेंबरात खाजा तिला घेऊन लातूरला आला. मी तेव्हा तेथे महाविद्यालयात मराठी शिकवीत असे आणि संध्याकाळी एका खाजगी शिकवणी वर्गाच्या कचेरीत पत्रव्यवहार पाहत असे. वर्गाची इमारत नवी, तिमजली होती. भूकंपानंतर गाव ओस पडेल असे वाटले होते, घडले उलटेच. किनवट, कंधार, रेणापूर, जिकडून तिकडून मुले येतच राहिली, कारण बारावीचा मार्च काही भूकंपासाठी थांबणार नव्हता. मुले दिवसा सिमेंटच्या छपराखाली शिकत आणि झोपायला पटांगणातल्या पत्र्याच्या शेडखाली येत.

“सर, पोरगी हुशार हाय,” खाजा म्हणाला. “पण जिना चढत न्हाई म्हणती. आता पत्र्याखाली बसून कोणी डॉक्टर झालं हाय का? तुमीच समजवा. माझं ती ऐकून न राहिली.”

सालेहा पायरीपाशी उभी होती. सतरा वर्षांची, किडकिडीत, ओढणी घट्ट गुंडाळलेली. तिची नजर माझ्या डोक्यावरून वरच्या मजल्याच्या तुळईवर होती.

मी तिला म्हणालो, “भिण्यासारखे काही असेल, तर ते मला आधी कळेल, कारण या कचेरीत येणारा प्रत्येक कागद मी वाचतो, आणि पुरता वाचतो. तसे काही असल्यास मी स्वतः जिना चढून येईन आणि तुला सांगेन. माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवू नकोस.”

“सगळ्यांच्या आधी?”

“सगळ्यांच्या आधी.”

ती चढली. दाराजवळच्या बाकावर बसली, आणि चपला तिने पायांतच ठेवल्या.

दुसऱ्या मजल्यावर वाचनकक्ष होता, आणि तेथे सुदर्शनचा जलदवाचनाचा तास होत असे. सुदर्शन नांदेडला माझा विद्यार्थी होता. मध्यंतरी तो पुण्यास गेला, तेथे कसलासा अभ्यासक्रम करून आला आणि आता नव्वद मुलांना मिनिटाला सहाशे शब्द वाचायला शिकवीत होता. पद्धत अशी: पानाच्या मधोमध वरून खाली बोट ओढायचे आणि डोळे बोटाबरोबर उतरवायचे, परिच्छेदाची पहिली ओळ पाहायची, पुढच्या ओळींतले मोठे शब्द तेवढे उचलायचे, बारीकसारीक शब्द सोडून द्यायचे, आणि काही झाले तरी मनातल्या मनात उच्चार करायचा नाही. त्याने टाळी वाजवली की पान उलटायचे. मग तो विचारी, “गाभा?” आणि मुले गाभा सांगत. प्रत्येकाचा वेग फळ्यावर लिहिला जाई. मुलांना हा खेळ फार आवडे. सालेहाचे नाव तीन आठवड्यांत फळ्याच्या वरच्या टोकाला गेले.

मला याचा आनंद झाला नाही. एके दुपारी मी तिला एक उतारा दिला. मीच लिहिलेला होता. एका गावात विहिरीचे पाणी विषारी झाल्याची आवई उठते, पाटील स्वतः पाणी पिऊन दाखवतो, आणि तो प्याला नसता तर तहानेने तीन म्हातारी माणसे दगावली असती, असा त्याचा आशय. तिने बोट ओढले. वीस सेकंद लागले नसतील.

“विहीर. विष. पाटील पाणी प्याला. तीन माणसं मेली.”

“कोणती तीन?”

“म्हातारी.”

“सालेहा, त्यात कोणीही मेलेले नाही.”

तिने कागद पुन्हा पाहिला, आता सावकाश, आणि हसली. मी तिला हसताना प्रथमच पाहत होतो. “न्हाई मेलं? मग बरं झालं की, सर.”

“तुला हे बरे वाटते? असे वाचणे?”

तिने कागदाची घडी घातली. “मनात आवाज न्हाई येत. हळू वाचलं का येतो. आधी माझाच येतो, मग…” तिने वाक्य तेथेच टाकले. “जोरात वाचलं का काहीच येत न्हाई. लई शांत वाटतं.”

हे ऐकून मला जे वाटले त्याला भीती हाच शब्द आहे. वाचताना मनात जो आवाज उमटतो, त्याच आवाजाने आपल्याला वाक्य कळते. आणि ही मुलगी तो आवाज गाडून टाकून वाचत होती, कारण त्याच्यामागून दुसरा एक आवाज येत होता. मी सुदर्शनला गाठले.

“तू त्यांना वाचायला शिकवीत नाहीस, शब्द वेचायला शिकवतोस. वाक्याचा अर्थ शब्दांत नसतो, शब्दांच्या जोडणीत असतो.”

“सर, तुमची जोडणी संपेपर्यंत परीक्षेची घंटा होते,” तो हसत म्हणाला. “तुमचं एक वाक्य वाचायला बसलो होतो, कर्त्यापासून निघालो, क्रियापदाला पोचेपर्यंत चहा गार झाला.”

“चहा गार झाल्याने कोणी मरत नाही.”

“न वाचल्यानंही कोणी मरत नाही, सर. नापास होतात फक्त.”

आम्ही दोघेही आपापल्या म्हणण्यावर खूश होऊन निघालो.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती वार्ता आली. अशा वार्ता आधीही येत. पण या वेळी वार आणि वेळ दोन्ही ठरलेले होते: गुरुवार, दुपारचे चार. कोणी म्हणे परदेशातून तार आली, कोणी म्हणे जमिनीत गुरगुर ऐकू येते. बसस्थानकावर माणसे गाठोडी घेऊन बसू लागली. आमच्या इतर तुकड्यांतली अकरा मुले गावी निघून गेली. रविवारी संचालकांनी मला बोलावले आणि म्हणाले, “सर, एक परिपत्रक काढा. पोरांना धीर येईल असं काहीतरी. उद्या वाटू.”

सोमवारी ते वाटले गेले नाही. मी मसुदा केला आणि तो मला आवडला नाही. अफवा काय आहे हे आधी संपूर्ण मांडावे, तिची सगळी हत्यारे तिच्या हाती देऊन तिला उभी करावी, आणि मग तिला पाडावे, ही जुन्या गद्यातली वादाची रीत मला प्रिय होती. एका शब्दावर मंगळवार गेला. दुसऱ्या एका प्रश्नावर बुधवार गेला: परिपत्रकात खोटे काहीही असता कामा नये. ‘भूकंप होणार नाही’ असे लिहिणे सोपे होते, पण ते कोणाला ठाऊक होते? संचालक दोनदा म्हणाले, “सर, जरा छोटं करा की.” मी एक अक्षर कमी करू दिले नाही. गुरुवारी दुपारी माझ्याच अक्षरात सायक्लोस्टाइलच्या प्रती निघाल्या. त्यात हे लिहिले होते:

“येत्या गुरुवारी दुपारी चार वाजता लातूर शहरास सप्टेंबरमधील भूकंपाहूनही भीषण असा धक्का बसणार असून, त्यात प्रथम दुमजली व तिमजली इमारती कोसळतील, जिने तुटतील आणि वरच्या मजल्यांवरील माणसांना बाहेर पडण्यास अवधी मिळणार नाही, अशी जी वार्ता गेल्या आठवड्यापासून बसस्थानकात, बाजारात आणि दुर्दैवाने आपल्या वर्गांतही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितली जात आहे, तिला कोणत्याही शास्त्रज्ञाचा, कोणत्याही यंत्राचा अथवा कोणत्याही शासकीय कचेरीचा आधार नाही, भूकंपाचा वार आणि वेळ आधी सांगता येईल असे साधन मनुष्याजवळ आजमितीस नाही, आणि या भूमीस पुन्हा कंप सुटणारच नाही असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नसले, तरी वार व वेळ सांगणारा मनुष्य असत्य बोलतो एवढे निश्चित समजावे.”

वर नेऊन देण्यासाठी मी तो गठ्ठा पहारेकरी बसलिंगप्पाकडे दिला. मी स्वतः गेलो नाही. मला शेवटच्या प्रतीत शाई पुसट आली आहे का, ते पाहायचे होते.

त्यानंतर वर काय घडले ते मला सुदर्शनने पुढे सांगितले. तास चालू होता. गठ्ठा आला तेव्हा त्याने वरचे अक्षर ओळखले आणि त्याला गंमत सुचली. “सरांचं गद्य आलंय,” तो म्हणाला, “आज खरी परीक्षा. वीस सेकंद.” प्रती वाटल्या गेल्या. त्याने स्वतः तो कागद वाचला नव्हता. नव्वद बोटे पानावरून खाली उतरली. टाळी वाजली. “गाभा?”

पुढच्या बाकावरच्या मुलाने उभे राहून, शिकवल्याप्रमाणे, बिनचूक सांगितले: “गुरुवार. चार वाजता. भूकंप. इमारती कोसळतील. जिने तुटतील. वरच्यांना अवधी नाही.”

मग मागून कोणीतरी म्हणाले, “आज गुरुवारच हाय.”

घड्याळात चाराला अठरा मिनिटे कमी होती.

मी तळमजल्यावर होतो. पहिल्यांदा बाकांचा आवाज आला, एखादी गाडी दगडांनी भरून ओतावी तसा. मग पावले. मग किंचाळी. कक्षाबाहेर लोखंडी जिना होता, त्यावर एकदम पन्नास जण उतरू लागले तेव्हा तो खरोखरच हलला, आणि ज्याच्या पायाखाली तो हलला तो ओरडला, “हाललं! हाललं!” तो शब्द वर गेला आणि जे अजून बसले होते तेही उठले. इतका वेळ भूकंप कागदावर होता. आता तो पायांत आला.

जिन्याच्या पायथ्याशी जाळीचे सरकते दार होते. येणाऱ्याचे ओळखपत्र पाहता यावे म्हणून ते एका माणसापुरतेच उघडे ठेवत. बसलिंगप्पा ते सरकवायला धडपडत होता. पण आतून अंगे दाबली गेल्याने ते रुळावर अडकले होते. “मागं सरा रे! पाया पडतो, मागं सरा!” तो ओरडत होता. जाळीच्या भोकांतून बोटे बाहेर आली होती. एका मुलीचा चेहरा जाळीवर इतका दाबला गेला होता की तिला ओरडताही येत नव्हते. मी दाराला हात घातला, आणि तेवढ्यात पटांगणातून कोणीतरी वर बोट दाखवले.

सालेहा दुसऱ्या मजल्याच्या सज्ज्याच्या कठड्यावर होती. तिचा एक पाय बाहेर होता.

दाराजवळ बसलेली असूनही ती पहिल्या लोंढ्यात बाजूला फेकली गेली होती, आणि नंतर जिना भरला होता. वाट पाहणे म्हणजे काय ते या इमारतीत तिच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. खाली वीस-बावीस फुटांवर बांधकामातून उरलेल्या दगडविटांचा ढीग होता.

“सालेहा!”

तिने खाली पाहिले. ती रडत नव्हती. “तुमी येणार होता!” ती ओरडली. “सगळ्यांच्या आधी सांगणार होता!”

“मी काही सांगितलेले नाही! ऐक, मी काहीच सांगितलेले नाही!”

“तुमीच लिवलंय की! अक्षर तुमचं हाय!”

कागद तिच्या मुठीत होता. “वाच तो,” मी म्हणालो. “तसा नाही. मोठ्याने. एकेक शब्द. मला ऐकू आला पाहिजे.”

“वेळ न्हाई!”

“वेळ आहे. मी खाली उभा आहे ना? भिंतीला लागून उभा आहे. पडली तर माझ्यावरच पडेल. वाच!”

मी खरेच भिंतीला पाठ लावली. तिने ते पाहिले. एका हाताने कठडा धरून तिने कागद उलगडला, आणि तिचा आवाज फुटला, बारीक, शाळेत धडा वाचावा तसा.

“येत्या… गुरुवारी… दुपारी चार वाजता… लातूर शहरास…”

माझ्या लेखनाचे मला आयुष्यात इतके भय कधी वाटले नाही. मला त्या वाक्याचा प्रत्येक शब्द पाठ होता, आणि ‘आधार नाही’ या दोन शब्दांपर्यंत अजून किती अंतर आहे हे मला ठाऊक होते. “भीषण असा धक्का,” ती वाचत होती, आणि तिचा बाहेरचा पाय आणखी खाली आला. “इमारती कोसळतील. जिने तुटतील.” ती थांबली. “सर, हे तर…”

“पुढे! थांबू नकोस, पुढे वाच!”

“वरच्या मजल्यांवरील माणसांना… बाहेर पडण्यास…” तिचे ओठ हलले, पण आवाज येईना. तिने डोळे मिटले. ती काय ऐकत होती ते मला माहीत होते, आणि तो आवाज मीच तिच्यावर सोडला होता. मी खालून तिच्यासाठी ते शब्द म्हणालो: “अवधी मिळणार नाही. अशी जी वार्ता. म्हण. अशी जी वार्ता.”

“अशी… जी वार्ता…”

बसस्थानक गेले, बाजार गेला. ‘दुर्दैवाने’ या शब्दावर ती अडखळली. तो शब्द निवडण्यात माझा मंगळवार गेला होता. जिन्याच्या वरच्या टोकाला उभी असलेली काही मुले आता वळून तिच्याकडे पाहू लागली होती. सुदर्शन त्यांच्यात होता, आणि त्याच्या हातातही तोच कागद होता. “तिला,” सालेहाने वाचले, “कोणत्याही शास्त्रज्ञाचा, कोणत्याही यंत्राचा… आधार… नाही.”

“आधार नाही!” सुदर्शन जिन्यात ओरडला. “थांबा रे! खोटं आहे! खोटं आहे म्हणून लिहिलंय!” त्याचा आवाज जिन्यातून खाली उतरत गेला. मागचा रेटा कमी झाला, आणि जाळीचे दार कर्कश आवाज करीत सरकले. मुले बाहेर सांडली. एका मुलीचे मनगट मोडले होते. दोघे बेशुद्ध होते. कोणी मेले नव्हते.

पण सालेहा कठड्यावरून उतरली नाही. ती वाचतच होती, कारण मी तिला शेवटपर्यंत वाचायला सांगितले होते. आता ती प्रत्येक शब्द घेत होती, आणि तिला प्रत्येक शब्द कळत होता. “आणि या भूमीस पुन्हा कंप सुटणारच नाही असे… कोणीही छातीठोकपणे… सांगू शकत नसले…”

ती थांबली. तिने तेवढा भाग मनाशी पुन्हा वाचला. मग कागद खाली केला.

“म्हणजे होऊ शकतो,” ती म्हणाली.

तिने कागद माझ्या दिशेने धरला.

“आजचं खोटं हाय. पण होऊ शकतो. उद्या. परवा. तुमी लिवलंय.”

नव्वद मुलांत एकाच मुलीने माझे वाक्य पुरते वाचले होते, आणि ती दोन मजल्यांवर एक पाय बाहेर टाकून बसली होती. तिच्या वाचनात चूक नव्हती. तिला बरोबर ठरवणे म्हणजे काय होते, ते खालच्या विटांकडे पाहून मला दिसत होते.

“सर, होईल का न्हाई? तुमी सांगा. तुमीच सांगणार होता.”

बुधवार अख्खा मी ज्या वाक्यापासून दूर राहिलो होतो, ते तीन शब्दांचे होते. मी तिच्याच बोलीत म्हणालो:

“न्हाई होणार, पोरी.”

“पुन्हा कधीच?”

“कधीच न्हाई.”

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग पाय आत घेतला.

ती खाली आली तेव्हा चाराला पाच मिनिटे कमी होती. आम्ही पटांगणात जमिनीवर बसलो. चार वाजले, सगळे पटांगण गप्प झाले. सव्वाचार झाले. कोणीतरी हसले, आणि मग सगळेच हसू लागले. सुदर्शन येऊन माझ्याशेजारी बसला. त्याने तोंड उघडले. मला वाटते तो वाक्याच्या लांबीविषयी बोलणार होता, आणि मी त्याच्या वीस सेकंदांविषयी बोललो असतो. पण त्याने हातातला कागद माझ्याकडे दिला, आणि मी तो घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुले वर जायला तयार नव्हती. संचालकांनी विनवले, दटावले, कोणी हलेना. तेव्हा सालेहा पुढे झाली आणि जिन्याला लागली. पाचव्या पायरीवर तिने मागे वळून मुलांकडे पाहिले.

“चला की,” ती म्हणाली. “सरांनी सांगितलंय. न्हाई होणार म्हणून.”

तिच्या आवाजात शंकेचा लवलेश नव्हता. एक मुलगी उठली. मग दोन. मग सगळी रांग जिन्यावर चढू लागली, कंधारची, रेणापूरची, किनवटची. पुस्तके छातीशी धरून, एकामागून एक, माझ्या शब्दावर. मी हाक मारायला तोंड उघडले. काय सांगणार होतो? खरे वाक्य फार लांब होते, आणि ते एकदा वाचून झाले होते.

पटांगणात मी एकटा उरलो. वरून मुलांच्या वाचण्याचा आवाज येऊ लागला. रस्त्याने उसाने भरलेला ट्रक गेला आणि पायाखालची जमीन किंचित थरथरली. खिडक्यांच्या काचा वाजल्या. मी जिन्याकडे पाहिले.

कोणीही धावत खाली आले नाही.